फर्डिनांड पेकोरा : वॉल स्ट्रीटला जाब विचारणारा सरकारी वकील

वकिलीची सनद मिळवलेला मुलगा म्हटला की खून-दरोड्यांचे खटले किंवा जमीनजुमल्याचे तंटे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. बँका, शेअर बाजार, कंपन्या यांच्यावर सरकारच्या वतीने नजर ठेवणे आणि त्यांच्या हिशेबाच्या वह्या वाचून त्यांना जाब विचारणे, हीदेखील वकिली आहे. तिच्याकडे आपल्या पालकांचे लक्ष क्वचितच जाते. या प्रकारच्या वकिलीत ज्यांचे नाव अमेरिकेच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले, त्या फर्डिनांड पेकोरा यांचे चरित्र म्हणूनच आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असावे.

पेकोरा यांचा जन्म ६ जानेवारी १८८२ रोजी सिसिली बेटावरील निकोसिया या डोंगरी गावी झाला. ते अगदी लहान असतानाच कुटुंब पोटापाण्यासाठी न्यूयॉर्कला गेले व मॅनहॅटनमधील चेल्सी भागात राहू लागले. वडील जोडे बनविण्याचे काम करीत. त्या काळी इटलीतून आलेल्या माणसाकडे न्यूयॉर्कमध्ये हमाल, न्हावी किंवा गुंड याच दृष्टीने पाहिले जाई. कायद्याच्या क्षेत्रात इटालियन नाव जवळजवळ ऐकू येत नसे. मुलगा हुशार होता. त्याने धर्मोपदेशक व्हावे असे ठरून तो सेंट स्टीफन्स कॉलेजात दाखलही झाला. परंतु कामावर अपघात होऊन वडील जायबंदी झाले आणि घर चालविण्यासाठी मुलाला शिक्षण सोडावे लागले.

येथे अनेकांची गोष्ट संपते. पेकोरा एका वकिलाच्या कचेरीत कारकून झाले. दिवसा नोकरी करीत असतानाच त्यांनी न्यूयॉर्क लॉ स्कूलमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले व १९११ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांना वकिलीची परवानगी मिळाली. घरच्या अडचणींमुळे मागे पडलेल्या विद्यार्थ्याला ही वयाची बाब मुद्दाम सांगावीशी वाटते.

१९१८ मध्ये ते मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलांच्या कचेरीत साहाय्यक म्हणून लागले आणि पुढे तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या जागेपर्यंत चढले. या बारा वर्षांत त्यांनी हाताळलेली कामे नाना प्रकारची होती. त्यांतले एक पुढच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. शहरात ‘बकेट शॉप’ नावाची दुकाने बोकाळली होती. आपल्याकडे ज्याला डब्बा ट्रेडिंग म्हणतात तोच हा प्रकार. गिऱ्हाइकाने शेअर घेण्यासाठी पैसे द्यायचे, दुकानदाराने शेअर न घेताच भावावर सट्टा खेळायचा व एके दिवशी गाशा गुंडाळायचा. अशी शंभराहून अधिक दुकाने पेकोरा यांनी बंद पाडली. लबाडी पकडायची तर साक्षीदाराच्या तोंडापेक्षा त्याच्या वह्या आधी वाचाव्यात, हे ते येथे शिकले.

१९२९ साली मुख्य सरकारी वकील निवृत्त होत होते व त्यांनी पेकोरांचेच नाव सुचविले होते. पण शहराच्या राजकारणाची सूत्रे टॅमनी हॉल या पक्षयंत्रणेच्या हाती होती. पेकोरा स्वतः त्याच पक्षाचे होते, तरीही यंत्रणेला हा माणूस फार प्रामाणिक वाटला आणि उमेदवारी दुसऱ्याला गेली. पेकोरांनी नोकरी सोडून खाजगी वकिली सुरू केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता, तो जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, लाखो लोक बेकार झाले. हे का घडले याची चौकशी करण्याचे काम सिनेटच्या बँकिंग समितीने १९३२ साली हाती घेतले. मात्र वर्षभरात हाती काही लागले नाही आणि आधीचे वकील एकामागून एक गेले. जानेवारी १९३३ मध्ये समितीचे अध्यक्ष पीटर नॉर्बेक यांनी पेकोरांना बोलाविले. काम होते केवळ अंतिम अहवाल लिहून देण्याचे. पगार महिन्याला २५५ डॉलर. पेकोरांनी कागद चाळले आणि अहवाल लिहिण्याजोगे यात काही नाही, आणखी महिनाभर साक्षी घेऊ द्या, अशी मागणी केली.

तो महिना अमेरिकेच्या अर्थव्यवहाराला वळण देणारा ठरला. फेब्रुवारी १९३३ च्या अखेरीस समितीसमोर नॅशनल सिटी बँकेचे प्रमुख चार्ल्स मिचेल आले. १९२९ या एका वर्षात त्यांना दहा लाख डॉलरांहून अधिक मेहनताना मिळाला होता. पेकोरांनी आवाज चढविला नाही, आरोपांचे भाषण केले नाही. बँकेच्याच वह्यांतील आकडे हाती घेऊन ते एकेक साधा प्रश्न विचारीत गेले. उत्तरांतून निघाले ते असे : १९२९ साली मिचेल यांनी बँकेचे शेअर आपल्या पत्नीच्या नावे विकून अठ्ठावीस लाख डॉलरांचा तोटा दाखविला आणि त्या वर्षी प्राप्तिकर भरला नाही. बाजार कोसळल्यावर बँकेने वरिष्ठ अधिकाऱ्यांना सुमारे चोवीस लाख डॉलर विनातारण कर्ज दिले. आणि साधे कारकून? त्यांनी हप्त्यांवर घेतलेल्या बँकेच्या शेअरची किंमत मातीमोल झाली होती, तरी हप्ते त्यांच्या पगारातून कापले जात होते.

याहून गंभीर बाब गिऱ्हाइकांची होती. बँकेला स्वतः शेअर विकण्याची मुभा नव्हती, म्हणून तिने नॅशनल सिटी कंपनी नावाची जोडकंपनी काढली होती. ठेव ठेवायला आलेला माणूस बँकेच्या नावावर विश्वास ठेवी आणि शेजारच्या टेबलावरचा विक्रेता त्याच्या गळ्यात रोखे मारी. पेरू देशाचे नऊ कोटी डॉलरांचे कर्जरोखे १९२७-२८ मध्ये असेच खपविले गेले. पेरूची पत वाईट आहे, हा देश कर्ज फेडण्यात कच्चा आहे, असे अहवाल कंपनीच्याच कपाटात पडून होते. विकत घेणाऱ्याला त्यातले अक्षरही सांगितले गेले नाही. १९३१ मध्ये पेरूने व्याज देणे थांबविले. पेनसिल्व्हेनियातील पॉट्सव्हिल या लहानशा गावचा एक गृहस्थ साक्षीला आला होता. धंदा विकून आलेले सुमारे एक लाख डॉलर त्याने जाहिरात वाचून या कंपनीच्या स्वाधीन केले होते. विकून टाका म्हणून तो विनवीत राहिला, विक्रेते त्याला परावृत्त करीत राहिले, आणि अखेर तो निष्कांचन झाला. मिचेल यांच्या लाखोंच्या आकड्यांपेक्षाही या एका साक्षीने चौकशी कशासाठी चालली आहे हे लोकांना अधिक कळले असावे.

मिचेल यांनी राजीनामा दिला. पुढे फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले, हेही सांगितले पाहिजे. कराची रक्कम मात्र सरकारने दिवाणी मार्गाने वसूल केली.

मे महिन्यात पाळी आली जे. पी. मॉर्गन या पेढीची. ही खाजगी पेढी असल्याने तिचे कागद पाहण्याचा समितीला अधिकार नाही, अशी हरकत निघाली. हरकत घेणारे वकील होते जॉन डेव्हिस, १९२४ सालचे अध्यक्षपदाचे उमेदवार. पेकोरांनी सिनेटकडून अधिकार वाढवून घेणारा ठराव मिळविला व मगच पुढे पाऊल टाकले. पेढीच्या वीस भागीदारांपैकी एकानेही १९३१ आणि १९३२ साली प्राप्तिकर भरला नव्हता. कायद्याने तसे करता येत होते, आणि लोकांचा संताप झाला तो याचमुळे. या भागीदारांकडे ८९ कंपन्यांतील १२६ संचालकपदे होती व त्या कंपन्यांची मालमत्ता दोन हजार कोटी डॉलर होती. बाजारात पस्तीसच्या वर भाव असलेला अ‍ॅलेघनी कंपनीचा शेअर निवडक मित्रांना वीस डॉलरना देण्यात आला होता. पेढीच्या अशा सवलतीच्या याद्यांत माजी अध्यक्ष कूलिज आणि तेव्हाचे अर्थमंत्री वुडिन ही नावेही निघाली.

शरद ऋतूत चेस बँकेचे माजी प्रमुख अल्बर्ट विगिन समोर आले. बाजार कोसळत असताना त्यांनी आपल्याच बँकेचे शेअर मंदीच्या बाजूने विकून चाळीस लाख डॉलर कमावले होते. त्यासाठी पैसेही त्याच बँकेचे वापरले होते! घराचा राखणदार घर जळण्यावर पैज लावतो, असा हा प्रकार. तोही तेव्हाच्या कायद्यात गुन्हा नव्हता.

ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पेकोरांच्या चौकशीमुळे तुरुंगात फार थोडे लोक गेले. कायद्यात कोठे भोके आहेत हे मात्र उघड झाले. मे १९३३ च्या कायद्याने रोखे विकणाऱ्याला खरी माहिती जाहीर करणे भाग पडले. जूनमधील ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवींची बँक आणि रोख्यांचा व्यापार वेगळे केले. जून १९३४ च्या कायद्याने शेअर बाजारावर देखरेख करणारा आयोग स्थापन झाला आणि अधिकाऱ्यांनी स्वतःच्या कंपनीचे शेअर मंदीने विकण्यास बंदी आली. हे कलम विगिन यांना उद्देशूनच होते म्हणा ना! ग्लास-स्टीगलची ती भिंत १९९९ साली पाडण्यात आली. २००८ च्या अरिष्टानंतर अमेरिकेत पेकोरांचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले.

नव्या आयोगाचे अध्यक्षपद आपल्याला मिळेल अशी पेकोरांची अपेक्षा होती. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ते जोसेफ केनेडी या शेअर बाजारात पैसा केलेल्या गृहस्थांना दिले आणि पेकोरा पाचांतील एक सदस्य झाले. जानेवारी १९३५ मध्ये ते पद सोडून ते न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश बनले. (त्या राज्यात हे नाव वरिष्ठ न्यायालयाचे नसून मूळ खटले चालविणाऱ्या न्यायालयाचे आहे.) तेथे त्यांच्यावर टीकाही झाली. १९३८ मध्ये टॅमनीचे पुढारी जेम्स हाइन्स यांच्यावरील खटला सरकारी वकिलांच्या एका अयोग्य प्रश्नावरून त्यांनी रद्द केला. आपल्या पक्षाच्या माणसाला वाचविले, असे अनेकांना वाटले. पुढच्या वर्षी दुसऱ्या न्यायाधीशासमोर हाइन्स दोषी ठरले.

राजकीय पदांच्या निवडणुकांत मात्र पेकोरांना यश आले नाही. १९३३ मध्ये कीर्तीच्या शिखरावर असताना ते जिल्हा सरकारी वकिलाच्या निवडणुकीत पडले. १९३९ साली त्यांनी चौकशीची हकीकत सांगणारे ‘वॉल स्ट्रीट अंडर ओथ’ हे पुस्तक लिहिले. १९५० मध्ये न्यायाधीशपद सोडून ते न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहिले. त्या निवडणुकीतील तिन्ही प्रमुख उमेदवार इटलीत जन्मलेले होते. पेकोरांच्या बालपणी ज्यांच्या मुलांना कोणी कारकून म्हणून घेताना दहा वेळा विचार करी, त्यांच्यातलेच हे तिघे. पेकोरा हरले, खाजगी वकिलीकडे परतले आणि ७ डिसेंबर १९७१ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, न्यूयॉर्क येथे निवर्तले.