पाच मतांचा सिनेटर

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केली. हे लोक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अब्राहम लिंकन उभे राहतात. मला मात्र लायमन ट्रंबल आठवतात. गुलामी कायमची बंद करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीचा मसुदा ज्या सिनेट समितीने घडवला, तिचे ते अध्यक्ष.

१८१३ साली कनेक्टिकटमध्ये जन्मलेले ट्रंबल आधी जॉर्जियात शाळामास्तर होते. पुढे इलिनॉयमध्ये वकील, आमदार आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८५५ मध्ये ते सिनेटसाठी उभे राहिले. सिनेटर तेव्हा राज्याचे विधिमंडळ निवडत असे. पहिल्या फेरीत लिंकनना चाळीसच्या वर मते, ट्रंबलना अवघी ५! पण ते पाचजण काही केल्या हलेनात. गुलामीच्या विस्ताराला विरोध करणारा कोणीच निवडून येणार नाही असे दिसताच लिंकननी आपली मते ट्रंबलना देववली. लिंकननी मनात अढी ठेवली नाही; ठेवली ती मेरीबाईंनी. ट्रंबल यांची पत्नी ज्युलिया ही त्यांची लग्नाआधीपासूनची मैत्रीण, पण ती मैत्री तुटली ती तुटलीच. घरोघरी मातीच्या चुली!

१८६६ मध्ये ट्रंबल यांनी कृष्णवर्णीयांना नागरी हक्क देणारा कायदा आणला. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो नाकारला, तेव्हा काँग्रेसने दोनतृतीयांश मतांनी त्यांचा नकार मोडून काढला. दोनच वर्षांनी याच जॉन्सनवर महाभियोग आला. उट्टे काढायची याहून चांगली संधी कुठली? पण आरोप कायद्याने सिद्ध होत नाहीत, असे ट्रंबल यांच्यातल्या न्यायाधीशाला वाटले. स्वपक्षाविरुद्ध जाऊन त्यांनी जॉन्सनना निर्दोष ठरवले. मते पडली ३५ विरुद्ध १९. एका मताने जॉन्सन वाचले. दक्षिणेतल्या मुक्त गुलामांना या अध्यक्षाने काय दिले हे पाहिले की ते मत मला आजही पुरते पटत नाही. पण ते देण्याची छाती लागते, एवढे खरे. पक्षात त्यांना शिव्याशाप मिळाले आणि १८७३ मध्ये त्यांची सिनेटची कारकीर्द संपली.

ट्रंबल पुन्हा वकिली करू लागले. १८९४ च्या रेल्वे संपात कामगारनेते युजीन डेब्स यांना शिक्षा झाली, तेव्हा ८१ वर्षांचे ट्रंबल तरुण क्लॅरन्स डॅरो यांच्यासह त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. १८९५ मध्ये निकाल एकमताने विरुद्ध गेला. पुढच्या वर्षी, जूनमध्ये, शिकागोत ते वारले.