चंद्राचा जमाखर्च

हैदराबादेत काचीगुड्याला आमच्या घरामागे चार वाफे आहेत, आणि घरात पंचांगे दोन. एक आजीचे मराठी, दुसरे अज्जीचे, म्हणजे आईच्या आईचे, कानडी. वेलभाज्या शुक्लपक्षात लावाव्यात आणि कंद कृष्णपक्षात, यावर दोघींचे एकमत. पण गेल्या वर्षी दोडक्याचे बी लावायच्या दिवशीच जुंपली. एका पंचांगात अष्टमी सकाळीच संपत होती, दुसऱ्यात ती दुपारपर्यंत होती. आणि अष्टमीला बी लावायचे नाही! दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी पडलो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. एकाच खात्याच्या दोन शिलका निघाल्या की चूक हुडकायची आम्हाला सवय. त्या शोधात मला व्यंकटेश बापूजी केतकर भेटले.

केतकरांचा जन्म 1854 सालचा, नरगुंदचा. हे गाव आज कर्नाटकात आहे. भोवती कानडी मुलूख, आणि लेखन संस्कृत, मराठी व इंग्रजीत. दोन भाषांत वाढलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस लगेच आपला वाटला. पोटापाण्यासाठी त्यांनी सरकारी शाळेत मास्तरकी केली, बागलकोटलाही शिकवले. मुलांचे धडे संपले की उरलेला वेळ चंद्रसूर्याच्या आकडेमोडीचा.

चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी होते. आपल्याकडचे पंचांगकर्ते हे गणित ज्या ‘ग्रहलाघवा’वरून करीत, तो ग्रंथ गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमारास रचला. त्या काळी तो उत्तमच होता. पण वहीत राहिलेली बारीक चूक दरवर्षी पुढच्या पानावर ओढली, तर चारशे वर्षांनी काय होईल? शिवाय सूर्याच्या ओढीने चंद्राची चाल कमीजास्त होते, त्याची पुरती नोंद जुन्या गणितात नव्हती. गंमत अशी की पौर्णिमा-अमावास्येला ही चूक फारशी दिसत नाही. अष्टमीच्या सुमारास ती फुगते आणि तिथीचा शेवट पाच-सहा तासांनीही हुकू शकतो. आमच्या घरचे भांडण अष्टमीवरूनच व्हावे, यात नवल ते काय!

केतकरांनी अर्वाचीन ज्योतिषाचे आकडे घेऊन सारे गणित नव्याने मांडले. ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी’ हे त्यांचे संस्कृत ग्रंथ त्यातूनच झाले. हे काम दिसते तितके निरुपद्रवी नव्हते. तिथी बदलली की एकादशी बदलते, वडिलांच्या श्राद्धाचा दिवस बदलतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा उपास चुकीच्या दिवशी घडला, हे ऐकून घ्यायला कोणाला आवडेल? अनेकांना ते रुचले नाही. जुन्या आणि नव्या, दोन्ही गणितांची पंचांगे अजूनही छापली जातात.

1911 साली त्यांनी फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे ग्रह असल्याचे भाकीत केले. त्यांतल्या एकाचा प्रदक्षिणाकाल त्यांनी सुमारे 242 वर्षे काढला होता. 1930 च्या आरंभी प्लूटो सापडला. त्याचा काल सुमारे 248 वर्षे. पण मला हा योगायोगच वाटतो. बेरीज जुळली म्हणून पावत्या खऱ्या ठरत नाहीत. त्याच वर्षी केतकर वारले.

चंद्राने दोडका वाढतो का? वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त झाडे लावायची नक्षत्रे दिली आहेत, तेव्हा आजीची बाजू दीड हजार वर्षे जुनी आहे. आजच्या प्रयोगांत मात्र चंद्रकलांचा पिकावर पटण्याजोगा परिणाम आढळलेला नाही. चंद्र अमुक क्षणी कोठे असेल, एवढे केतकरांच्या गणितातून कळते. बी केव्हा रुजेल, हा त्या गणिताचा विषयच नव्हे.

यंदा मी कोणाला न सांगता दोडक्याचे बी अष्टमीलाच लावले, तीही दोन्ही पंचांगांत अष्टमी असलेल्या वेळी. वेल आता मांडवावर चढला आहे. आजी तो दशमीचा समजते, अज्जी सप्तमीचा.