बाबूराव पेंटर : पडद्यामागचा माणूस

जुन्या चित्रपटांचा मला भारी नाद. 'संत तुकाराम', 'माणूस' हे माझे आवडते. पण ते घडविणाऱ्यांना ज्याने घडविले, तो माणूस मला अधिक मोठा वाटतो.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात कारागिराच्या घरी झाला. कोणत्याही कलाशाळेत न जाता नाटकांचे पडदे रंगविता रंगविता ते 'पेंटर' झाले. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पाहून त्यांना व चुलतबंधू आनंदरावांना सिनेमाने झपाटले. १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने १९१८ साली स्वतःचा कॅमेरा तयार केला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' झळकला. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. लोकमान्य टिळकांनीही बाबूरावांचा गौरव केला.

पण माझ्या मते त्यांचे खरे धाडस म्हणजे १९२५ चा 'सावकारी पाश'. ना. ह. आपटे यांच्या कथेतला शेतकरी कर्जापायी जमीन गमावतो आणि शहरात मजुरी करू लागतो. ती भूमिका तरुण शांतारामांनी केली. देवादिकांचे चमत्कार पाहणाऱ्या प्रेक्षकांसमोर बाबूरावांनी कुळवाड्याचे दुःख मांडले! सावकाराच्या वहीची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात, म्हणून हे मला विशेष जाणवते. दुर्दैवाने तो मूकपट आज उपलब्ध नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि 'प्रभात' जन्मली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. शिष्यांची नावे आपण घेतो. गुरूचेही घ्यावे, एवढेच माझे म्हणणे.