मुळा-मुठेच्या महसीरला नाव देणारा कर्नल

मे-जून महिन्यांत इंग्लंडमधील नद्यांतून अल्पजीवी कीटकांचे थवे बाहेर पडतात आणि त्यांना टिपण्यासाठी ट्राउट मासा पृष्ठभागावर येतो. पिसे व दोरा गुंडाळून केलेली नकली माशी गळाला लावून त्याला पकडण्याचा छंद तिकडे फार जुना. सिंधुदुर्गातील गड किंवा कर्ली नदीत हा खेळ शक्य नाही; ट्राउटला थंड पाणी लागते. हिंदुस्थानात आलेल्या साहेबांनी गळाची हौस भागवली ती मुख्यतः महसीरवर. दख्खनच्या या महसीरची शास्त्रीय नोंद करणारे कर्नल विल्यम हेन्री साईक्स आज पक्षिनिरीक्षकांखेरीज फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत.

साईक्स यांचा जन्म १७९० चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत ते कोवळ्या वयातच दाखल झाले. १८०५ मध्ये त्यांनी भरतपूरचा वेढा पाहिला. पेशवाईच्या अखेरच्या काळात खडकीच्या लढाईतही ते होते. १८२४ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामी नेमले आणि तलवारीची जागा वहीने घेतली. लोकवस्ती, पिके, हवामान यांच्या नोंदी करीत ते दख्खनभर हिंडले. १८२९ मध्ये त्यांचे पदच रद्द झाले. तरीही हाती घेतलेले काम पुरे करूनच १८३१ मध्ये त्यांनी मायदेशाची वाट धरली.

या भटकंतीत जमवलेल्या माशांवरील त्यांचे लेखन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेमार्फत १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यातील खरी मौज नावांत आहे. शास्त्रीय नावे देताना साईक्स यांनी स्थानिकांच्या तोंडची नावेच उचलली: खुद्री, नुक्टा, शिंगटी, कोळस. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरला त्यांनी खुद्री म्हटले. तो आज जगभर 'टोर खुद्री' म्हणून ओळखला जातो. एका लष्करी अधिकाऱ्याने मराठी शब्दांना दिलेला हा मान थोडाथोडका नव्हे.

पुढे १८५६ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. १८५७ पासून १८७२ मध्ये निधन होईपर्यंत ते अ‍ॅबर्डीनचे खासदार होते.

त्यांच्या माशाची कहाणी मात्र तेथे संपत नाही. लोणावळ्यात टाटांच्या वीज कंपनीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुद्रीची पैदास सुरू केली. दख्खनचा हा मासा कावेरीतही सोडला गेला व तेथे चांगलाच रुजला. कावेरीचा मूळ कुबडा महसीर त्याच काळात घटत गेला. 'टोर रेमादेवी' हीच त्याची खरी शास्त्रीय ओळख, हे २०१८ मध्ये निश्चित झाले तेव्हा तो अतिसंकटग्रस्त होता. त्याच्या ऱ्हासामागे पाहुण्या खुद्रीचा शिरकाव हे एक कारण अभ्यासक मानतात. इकडे रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीत महसीर देवीचे म्हणून राखले गेले. तेथे गळ टाकण्याची प्रथा नाही.