विमाने किती घ्यायची? जेआरडी टाटांचा हिशेब

कुकटपल्ली (हैदराबाद) : जानेवारी २०२४ मध्ये इथून जवळच असलेल्या बेगमपेट विमानतळावर 'विंग्ज इंडिया' प्रदर्शन भरले आणि अकासा एअरने १५० बोइंग विमानांची ऑर्डर जाहीर केली. त्याच्या आदल्या वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमाने मागवली होती. नांदेड, देगलूरकडून येऊन कुकटपल्लीत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना एकच प्रश्न पडतो : एवढी विमाने घेणे शहाणपणाचे की अंगाशी येणारे? या धंद्याचा पाया घालणाऱ्या जेआरडी टाटांचे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरत राहिले.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला जन्म. आई सुझान फ्रेंच, वडील आर. डी. टाटा. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

नेव्हिल विन्सेंट या वैमानिकासोबत त्यांनी टपाल विमानसेवेची योजना केली. भांडवल दोन लाख, विमाने दोन, तीही एक इंजिनाची पस मॉथ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी स्वतः कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढे टपाल घेऊन विन्सेंट बल्लारीमार्गे मद्रासला गेले. काही वर्षांनी बल्लारीऐवजी हैदराबादचा थांबा आला. सरकारी अनुदान नव्हते, टपालाच्या वजनावर मिळतील तेवढेच पैसे. पावसाळ्यात जुहूला चिखल व्हायचा, मग सगळा संसार पुण्याला हलवायचा. तरी पहिल्या पूर्ण वर्षात सुमारे ६० हजारांचा नफा झाला. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, आधी गिऱ्हाईक, मग यंत्रसामग्री.

दुसरे महायुद्ध संपले आणि लष्कराची डकोटा विमाने स्वस्तात बाजारात आली. ज्याला त्याला विमान कंपनी काढायची घाई. १९४५ मध्ये निजाम सरकारने टाटांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज काढली, ती बेगमपेटवरूनच चालायची. इतक्या कंपन्यांना पुरेल एवढे प्रवासी देशात नाहीत, परवाने वाटू नका, असा जेआरडींचा विरोध होता. कोणी ऐकले नाही. १९५० च्या राजाध्यक्ष समितीनेही परवाने जास्त झाल्याचाच निष्कर्ष काढला. विमान स्वस्त मिळाले म्हणून ते चालवणे स्वस्त होत नाही. पेट्रोल, पगार, दुरुस्ती रोजची असते. १९५३ ला राष्ट्रीयीकरण झाले आणि डेक्कन एअरवेजही इंडियन एअरलाइन्समध्ये विरली.

पण म्हणून जेआरडी हात आखडणारे होते असे मुळीच नाही. ८ जून १९४८ ला कॉन्स्टेलेशन जातीच्या 'मलबार प्रिन्सेस'ने मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनची सेवा सुरू केली. राष्ट्रीयीकरण त्यांना पटले नव्हते, तरी एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. जेटच्या बाबतीत मात्र पहिलाच डाव फसला. ब्रिटिश कॉमेट विमाने मागवली आणि १९५४ पर्यंत कॉमेटचे एकामागून एक अपघात होऊन सगळेच बारगळले. दुसरा कोणी असता तर दहा वर्षे जेटचे नाव काढले नसते. यांनी बोइंग ७०७ कडे मोर्चा वळवला. १९६० मध्ये ती आली, जुनी पंख्याची विमाने काढून टाकली आणि १९६२ मध्ये एअर इंडिया ही जगातली पहिली सर्व-जेट कंपनी ठरली. १९७१ मध्ये जम्बो 'एम्परर अशोका' आले.

तेच जम्बो १ जानेवारी १९७८ ला वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले, २१३ माणसे गेली. महिनाभरात मोरारजी सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून काढले.

पुढे २००५-०६ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स मिळून १११ विमानांची ऑर्डर निघाली. कर्जाचा डोंगर झाला, त्यात दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये कंपनी परत टाटांकडे गेली. माझ्या मते जेआरडींचा फरक इथे दिसतो : मोठी उडी त्यांनीही घेतली, पण मार्ग आणि प्रवासी समोर ठेवून. आज विमान मिळायलाच वर्षानुवर्षे रांग असते, त्यामुळे आगाऊ नंबर लावण्यातही अर्थ आहे, हे मान्य करायला हवे.

१९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथमधून कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले. १९९२ ला भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले; दफन पॅरिसला.