इंग्रजीत नापास झालेले रामानुजन

गणिती श्रीनिवास रामानुजन इंग्रजीत नापास झाले होते, हे ऐकले की वर्गात पुष्कळांना बरे वाटते. पण त्यांना इंग्रजी येत नव्हते असे मुळीच नाही. मातृभाषा तमिळ असूनही १८९७ च्या प्राथमिक परीक्षेत इंग्रजीसह सगळे पेपर देऊन ते जिल्ह्यात पहिले आले होते. पुढे कार यांचे गणिताचे इंग्रजी पुस्तक हाती पडले. त्यात सूत्रे हजारो, शब्द थोडे. मग कुंभकोणमच्या कॉलेजात दुसरे काही वाचायला त्यांना वेळच उरेना. (आपल्याला अपठित उताऱ्याची भीती वाटते, त्यांना बहुधा कंटाळा असावा.) इंग्रजीत नापास झाल्याने शिष्यवृत्ती गेली. घरी गरिबी, फी कुठून भरणार? १९०५ मध्ये ते न सांगता विशाखापट्टणमला निघून गेले. नंतर मद्रासला एफ. ए.ला बसले, तिथेही नापास. पदवी नाही म्हणून धड नोकरी नाही. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी मिळाली. पुढच्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना प्रमेयांनी भरलेले पत्र पाठवले. ते इंग्रजीतच होते. हार्डींनी त्यांना बोलावून घेतले. १९१६ मध्ये केंब्रिजने संशोधनावर बी. ए. दिली, १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९२० मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. एफ. ए. मात्र राहिलीच.