नारायण वामन टिळक
रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर, १८६१ – ९ मे, १९१९) हे मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला व पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. अहमदनगर येथे मिशनचे कार्य करताना टिळकांनी अभंग व भजने रचून ख्रिस्ती उपासनेला मराठी वळण दिले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. उभयतांच्या संसाराची हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आली आहे.